‘आईला नेले’ या वाक्याविरुद्ध

मराठी नियतकालिकांत गेली काही वर्षे एक लेखनप्रकार मुकाट्याने रुजला आहे. त्याला अद्याप कोणी नाव दिलेले नाही, समीक्षेने त्याची दखल घेतलेली नाही, तरी रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंकांची मागची पाने आणि महिला मंडळांच्या स्मरणिका यांतून तो नेमाने भेटतो. लेक आईला घेऊन चार दिवस एखाद्या बेटावर जाते. बेट बहुधा अंदमानचे असते. हात जरा सैल असेल तर बाली, मॉरिशस किंवा मालदीव. आई प्रथमच विमानात बसते. खिडकीतून ढग पाहून हात जोडते. समुद्र पाहून तिचे डोळे भरून येतात आणि ते पाहून लेकीचे भरून येतात. परतीच्या वाटेवर आई म्हणते, आता काही इच्छा उरली नाही. येथे लेख संपतो. तपशील थोडे इकडेतिकडे होतात, पण पहिल्या परिच्छेदात एक वाक्य हटकून असते: ‘यंदा आईला अंदमानला नेले.’ आमचे भांडण या वाक्याशी आहे.

‘जाणे’ हे क्रियापद अकर्मक आहे; जाणारा आपल्या पायांनी आणि आपल्या मर्जीने जातो. ‘नेणे’ सकर्मक आहे. तेथे एक नेणारा असतो आणि एक नेला जाणारा, आणि या दुसऱ्याला व्याकरणात कर्म म्हणतात. (हा शब्द येथे दोन्ही अर्थांनी घेण्यास हरकत नाही.) आपण कोणाकोणाला नेतो ते पाहावे. मुलाला शाळेत नेतो, आजाऱ्याला दवाखान्यात नेतो, गुरे चरायला नेतो, दळण गिरणीत नेतो; आरोपीला कोर्टात नेतात आणि प्रेताला स्मशानात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. नेल्या जाणाऱ्याला तिकडे जायचे होते की नाही, हे कोणी विचारलेले नसते. ‘नेले’ऐवजी ‘घेऊन गेले’ म्हटल्याने काही बदलत नाही; पिशवीही घेऊनच जातात.

आश्चर्य याचे वाटते की हे वाक्य लिहिणारी लेक या क्रियापदाशी स्वतः झगडून मोकळी झालेली असते. ‘लग्नानंतर यांनी मला महाबळेश्वरला नेले’ हे वाक्य तिच्या आजीच्या पिढीने निःशंकपणे म्हटले असेल. आजची लेखिका ते लिहिणार नाही. ती ‘आम्ही गेलो’ असे लिहील आणि ते बरोबरच आहे. नवऱ्याच्या संदर्भात जे क्रियापद तिला जाचते, तेच आईच्या संदर्भात तिच्या लेखणीतून सहज उतरते, आणि संपादकांपासून वाचकांपर्यंत कोणालाच ते खटकत नाही.

यावर पहिला आक्षेप कृतज्ञतेचा येईल. ज्या बाईने जन्मभर घराबाहेर पाऊल टाकले नाही, जिने स्वतःच्या हौसेला नेहमी शेवटचा घास दिला, तिला लेकीने स्वतःच्या पगारातून समुद्र दाखवला. यात शब्दांचा कीस काय काढायचा? या लेखनामागची कृतज्ञता खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ती खरी आहे, आणि घोटाळा तिथेच आहे. देणाऱ्याचे लक्ष घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. पावती मिळाली की नाही हे तो पाहत असतो. या लेखांतले आईचे अश्रू म्हणजे अशी पावती आहे. पावती मिळाली की हिशेब मिटतो, मग आई त्या बेटावर आणखी काय करत होती हे पाहण्याचे कारण उरत नाही. ती कंटाळली असेल. तिला तिथला भात आवडला नसेल. बोटीत तिला लेकीचा राग आला असेल. तिला समुद्राहून बाजार पाहावासा वाटला असेल, किंवा मुळात अंदमानापेक्षा धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहावेसे वाटले असेल. यातले एकही वाक्य आम्हांला अशा लेखांत सापडलेले नाही.

श्रावणबाळाचे उदाहरण आपल्याकडे नेण्याचा आदर्श म्हणून सांगितले जाते. त्याच्या कावडीतले आईबाप आंधळे होते, हे मात्र सांगताना कोणी लक्षात घेत नाही. त्यांना नेणे भागच होते. आजच्या लेखांतली आई डोळस आहे, धडधाकट आहे, बहुधा साठीच्या आतबाहेर आहे. तिला लेखात कावडीत बसवायचे तर आधी आंधळे करावे लागते, आणि लेख ते काम चोख करतो.

आम्ही काही जण संगमनेरात मराठी शिकवतो. हे गाव प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावरचे, पुणे-नाशिक रस्त्यावरचे. आगगाडी येथे नाही, त्यामुळे कुठेही जायचे म्हणजे आधी एस.टी.ने चंदनापुरीचा घाट ओलांडायचा किंवा नाशिकचा रस्ता धरायचा. अठराव्या शतकातले शाहीर अनंत फंदी या गावचे. रुळलेली वाट सोडू नये असा उपदेश करणारा त्यांचा फटका शाळेत शिकलेली पिढी अजून हयात आहे, आणि त्या उपदेशाचे पालन मराठी प्रवासलेखनाने जितके केले तितके खुद्द फंदींनीही केले नसावे. तमाशाचा फड सोडून ते कीर्तनाकडे वळले अशी कथा त्यांच्याविषयी सांगतात, म्हणजे एक वाट तर त्यांनी सोडलीच होती. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गावात बिडी वळणाऱ्या बायकांच्या पिढ्या आहेत. मांडीवर सूप, त्यात भिजवून कापलेली पाने आणि तंबाखू, बोटाला गुंडाळलेला दोरा, आणि हजारावर मिळणारी मजुरी. त्यांतल्या पद्मशाली घरांतून तेलुगू बोलली जाते.

अशाच एका घरातल्या विद्यार्थिनीने एका निबंधस्पर्धेसाठी प्रवासवर्णन लिहिले होते. ते आम्ही वाचले होते, कारण शुद्धलेखन तपासायला ते आमच्याकडेच आले होते. आईने बिडीच्या पैशांतून साठवलेली भिशी आणि लेकीच्या शिकवणीची कमाई मिळून दोघी चार दिवस अंदमानला गेल्या. लेखाची सुरुवात नेहमीसारखीच होती, ‘आईला नेले’ हेही होते. पण पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारात तिसऱ्या पानावर काहीतरी घडते. नारळवाल्याशी लेक हिंदीत घासाघीस करत असताना आई त्याला तेलुगूत काही विचारते. तो उलट तेलुगूत बोलतो. अंदमानात आंध्रच्या किनाऱ्यावरून येऊन वसलेली तेलुगू भाषकांची मोठी वस्ती आहे. मासेमारी आणि किरकोळ व्यापार त्यांच्या हाती पुष्कळ आहे. त्या क्षणापासून सहलीची सूत्रे आईकडे जातात. कोणत्या बोटीने जावे, कुठे जेवावे, कोणत्या किनाऱ्यावर कधी पोचावे हे आई ठरवते, कारण तिला ते कोणीतरी तिच्या भाषेत सांगितलेले असते. लेकीला तेलुगू समजते, बोलता येत नाही. तिचे शिक्षण सगळे मराठीत झाले. उरलेले अडीच दिवस ती आईच्या मागून चालते आणि मधूनमधून विचारते, ‘काय म्हणाला गं?’ आई कधी सांगते, कधी हसून सोडून देते.

हा भाग वाचताना आम्ही शुद्धलेखन तपासायचे विसरलो. येथे क्रियापद उलटले होते. आता लेकीला नेले जात होते. आणि लेकीने ते न लपवता, थोड्या रुसव्यासकट, लिहिले होते. आईला गर्दीत हसताना पाहून आपल्याला एकटे वाटले, असे एक वाक्य त्यात होते. मायलेकींच्या प्रवासावर मराठीत लिहिले गेलेले इतके खरे वाक्य आम्हांला दुसरे आठवत नाही.

लेखाला बक्षीस मिळाले नाही. न मिळो, स्पर्धा आहे. पण परीक्षकांचे अभिप्राय लेखासोबत परत आले, आणि ते मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. एकाने लिहिले होते की बाजारातील प्रसंग हे विषयांतर आहे. दुसऱ्याने लिहिले होते की सेल्युलर जेलचे वर्णन अत्यंत त्रोटक असून लेखिकेने त्या पवित्र स्थळाला न्याय दिलेला नाही. तिसऱ्याचे म्हणणे असे, की विषय वैयक्तिक सहलीचा असल्याने त्याला सामाजिक परिमाण नाही. बिडी वळणारी बाई समुद्रापलीकडच्या बाजारात स्वतःच्या भाषेच्या जोरावर घरची कर्ती होते यात ज्यांना सामाजिक परिमाण दिसत नाही, त्यांनी तो शब्द वर्गात वापरण्यापूर्वी थोडा विचार करावा. या तिन्ही अभिप्रायांमागे तीन जुन्या समजुती आहेत आणि त्या तीन परीक्षकांपुरत्या नाहीत. आपल्या सगळ्या अध्यापनात त्या मुरलेल्या आहेत. म्हणून हा प्रपंच.

पहिली समजूत अशी, की बाईच्या प्रवासाला कारण लागते. बाळंतपण, आजारपण, लग्नकार्य, नवऱ्याची बदली, किंवा देव. नुसते जावेसे वाटले म्हणून गेली, तर ती चैन. आता भूगोलाचे पुस्तक उघडावे. रामेश्वर हे पांबन बेटावर आहे. विषुववृत्ताच्या उत्तरेला नऊ-साडेनऊ अंशांवर, म्हणजे ऐन उष्णकटिबंधात. १९१४ साली पांबनचा रेल्वेपूल सुरू झाला तोवर तेथे होडीनेच जावे लागे. काशीची गंगा रामेश्वराला आणि सेतूची वाळू काशीला, हा क्रम महाराष्ट्रातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेले पाणी तहानलेल्या गाढवाला पाजले ही गोष्ट आपण पोरांना सांगतो, म्हणजे ती वाट आपल्या घरच्या गोष्टीत आहे. तेव्हा मराठी बायका उष्णकटिबंधातल्या बेटावर आजच जाऊ लागल्या असे नाही. तोच समुद्र, तशीच नारळीची झाडे, तशीच पायांना चटका देणारी वाळू, आणि बहुधा मुक्कामही तेवढाच. पण रामेश्वराहून आलेली बाई ‘जाऊन आली’ असते. मुलाने तिकीट काढले असले, जावयाने सोबत केली असली, तरी शेजारणी तिला ‘जाऊन आलात का?’ असेच विचारतात आणि पाया पडतात. अंदमानाहून आलेल्या त्याच बाईला विचारतात, ‘लेकीनं नेलं होतं ना?’ देवाच्या बेटावर बाई कर्ता होते आणि नुसत्या बेटावर कर्म. तीर्थाने बाईला जे व्याकरण दिले ते सहलीने काढून घेतले, आणि हे काढून घेणारे हात आधुनिक, सुशिक्षित, मराठीचे पदवीधर आहेत.

आम्ही यात्रेचे समर्थन करत नाही. यात्रेतही बाईला पुण्याची ढाल घ्यावी लागत होती हे उघड आहे. वारीत चालणारी बाई विठ्ठलाच्या नावावर वीस दिवस घर सोडू शकत होती. स्वतःच्या नावावर दोन दिवसही नाही. पण निदान त्या ढालीआड ती स्वतःच्या पायांवर उभी होती.

दुसरी समजूत वाङ्मयाच्या इतिहासाविषयीची आहे: मायलेकींचा प्रवास हा मराठीत नवा, हलका आणि परंपराहीन विषय आहे. हे साफ चूक आहे. अर्वाचीन मराठी प्रवासलेखनाच्या आरंभीच पंडिता रमाबाई उभ्या आहेत, आणि त्यांच्या आयुष्यात मायलेकींचे दोन प्रवास आहेत. एकात त्या लेक आहेत, दुसऱ्यात आई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. लक्ष्मीबाईंनी ते रमाबाईंना दिले. दिले कुठे? घरात बसून नव्हे. तीर्थामागून तीर्थ पायी हिंडणाऱ्या त्या कुटुंबाच्या मुक्कामांत, वाटेवर. १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने आईवडील गेले. नऊ वर्षांनी, १८८३ मध्ये, रमाबाई बोटीने इंग्लंडला निघाल्या तेव्हा दोन वर्षांची मनोरमा त्यांच्यासोबत होती. इंग्लंड हेही बेटच. उष्णकटिबंधातले नव्हे एवढेच. ‘इंग्लंडचा प्रवास’ त्याच साली प्रसिद्ध झाला आणि ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९ मध्ये. मनोरमा पुढे शिकून परतली, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईच्या बरोबरीने राबली, १९२१ मध्ये आईच्या आधी वारली; रमाबाई १९२२ मध्ये.

आता आपण हे वर्गात कसे शिकवतो? सुधारणेचा इतिहास म्हणून, धर्मांतराचा वाद म्हणून, फार तर स्त्रीमुक्तीचे दस्तऐवज म्हणून. पोराला घेऊन सातासमुद्रापार जाणारी विधवा आई हा विषय आपण तळटीपेत टाकतो. चालता चालता लेकीला संस्कृत देणारी लक्ष्मीबाई तर तळटीपेतही येत नाही. आणि तिने मात्र कोणाला ‘नेले’ नव्हते आणि तिच्या लेकीने तिला ‘नेले’ नव्हते. त्या दोघी चालत होत्या. ज्या वाङ्मयाची सुरुवात अशी आहे, त्यात मायलेकींच्या प्रवासाला परंपरा नाही असे म्हणणारा शिक्षक स्वतःच शिकवलेले विसरला आहे.

पुढच्या काळात ही वाट बुजली, हेही खरे. मराठी प्रवासवर्णन दांपत्याचे झाले. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि ‘पूर्वरंग’ (१९६३) यांनी त्याला जो डौल दिला तो आम्हांलाही प्रिय आहे. ‘पूर्वरंग’मध्ये बालीसारखे बेटही आहे, पण त्यांच्यानंतर आलेल्या अनुकरणांत पती विनोद करतो आणि पत्नी बॅगा मोजते. मीना प्रभु यांनी ही चौकट मोडली. देशामागून देश पालथे घालून त्यांनी जाडजूड पुस्तके लिहिली, आणि २०२५ मध्ये त्या गेल्या तेव्हा एकट्या बाईचा प्रवास मराठी वाचकाला नवलाचा राहिलेला नव्हता. म्हणजे जोडपे झाले, एकटी बाई झाली. मायलेकी मात्र अजून पुरवणीतच. एकीकडे ‘श्यामची आई’ (१९३५) आपल्या सगळ्यांच्या मनात इतकी पक्की बसली आहे की मराठी आई म्हणजे मुलाने आठवलेली, घरातली, बहुधा दिवंगत. ती विमानतळावर रांगेत उभी राहून लेकीशी हुज्जत घालते हे चित्रच आपल्याला सुचत नाही.

तिसरी समजूत अंदमानाची. मराठी मनात अंदमान हे बेट नाही, ती एक इमारत आहे. याला कारण आहे आणि ते क्षुद्र नाही. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या तुरुंगात विनायक दामोदर सावरकर १९११ मध्ये आले आणि १९२१ पर्यंत होते. १९२७ मध्ये ‘माझी जन्मठेप’ आले आणि अंदमानाचे मराठी वाङ्मयातले रूप ठरून गेले. सातपैकी तीन पंख आज उभे आहेत, १९७९ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे, आणि मराठी प्रवासी तेथे जातो तेव्हा त्याचे मन भरून येते यात खोटे काही नाही. २०१५ मध्ये चौथे विश्व मराठी साहित्य संमेलन पोर्ट ब्लेअरला भरले, शेषराव मोरे अध्यक्ष होते. तेव्हा वाद रंगला तो पुरोगाम्यांवर त्यांनी केलेल्या टीकेवरून. साहित्यिकांचा एवढा मोठा जथा एका बेटावर उतरला, आणि चर्चा जी झाली ती पुण्यातल्या सभागृहात झाली असती तरी चालली असती.

आमचा आक्षेप स्मारकाला नाही, सक्तीला आहे. अंदमानावर लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी लेखकाने अर्धा लेख कोठडीपुढे उभे राहून लिहिला पाहिजे, नाहीतर गुण कापले जातील, ही सक्ती. आणि त्या कोठडीपुढे जरी उभे राहायचे ठरवले, तरी मायलेकींना तेथे पाहण्यासारखे जे आहे ते आपण कधी दाखवतो? १९१९ मध्ये यमुनाबाई सावरकर दीर नारायणरावांबरोबर पतीला भेटायला अंदमानात गेल्या. बाबाराव सावरकरांच्या पत्नी येसूवहिनी त्या भेटीची वाट पाहत होत्या. परवानगी येण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. या भेटीची हकीकत आपल्याला पुरुषांच्या लेखणीतून मिळते. यमुनाबाईंचे प्रवासवर्णन नाही. बोटीवर त्यांनी काय पाहिले, किनारा दिसला तेव्हा काय वाटले, परत निघताना कोणाशी काय बोलल्या, हे आपल्याकडे नाही. अंदमानाच्या मराठी वाङ्मयातली सर्वांत मोठी उणीव आम्हांला ही वाटते. आज कोणी बाई आपल्या शब्दांत त्या बेटावरून काही लिहून आणते, तेव्हा तिला ‘जेलचे वर्णन त्रोटक’ म्हणून परत पाठवणे म्हणजे ती उणीव मुद्दाम जपणे आहे.

आता उलट बाजूने. लेखिकांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. परीक्षकांना बेट म्हणजे इमारत वाटते, तर पुरवणीतल्या लेकीला ते निळा पडदा वाटते. आईचे छायाचित्र काढण्यासाठी मागे लावलेला. या लेखांत राधानगर किनाऱ्याची वाळू असते, बोटीचा पारदर्शक तळ असतो, पोवळी असतात; माणसे नसतात. पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात, हॅवलॉकला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात, एवढी अद्ययावत माहिती असते. पण त्या बेटावर ही नावे पडण्यापूर्वी कोण राहत होते आणि आज कोण राहते, याचा उल्लेख आलाच तर ‘आदिवासी जमाती’ या दोन शब्दांत. १८५८ मध्ये इंग्रजांनी वसाहत सुरू केली, कैदी आणले, पुढे बायकाही कैदी म्हणून आणल्या, त्यांची लग्ने तेथल्याच कैद्यांशी लावली. त्या बायकांच्या पणत्या आज त्या शहरात शाळांतून शिकवतात, दुकाने चालवतात. मायलेकींवर लिहिणाऱ्या बाईला याहून जवळचा विषय कोणता असावा?

त्याहून अवघड गोष्ट जारवांची. अंदमान ट्रंक रोड त्यांच्या राखीव जंगलातून जातो. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या भागातला रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता. रस्ता चालू राहिला. जानेवारी २०१२ मध्ये जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली आणि त्यानंतर नियम कडक झाले. त्या मोटारींत बसलेल्यांत आया होत्या, लेकी होत्या. काचेपलीकडेही आया आणि लेकी होत्या. ‘जारवा दिसल्या!’ असे उद्गारचिन्ह लावून लिहिलेले वाक्य आम्ही एकाहून अधिक मराठी लेखांत वाचले आहे, आणि प्रत्येक वेळी ते वाघ दिसल्याच्या सुरात होते. स्वतःच्या आईच्या डोळ्यांतले पाणी ज्या लेखणीला दिसते तिला काचेपलीकडची बाई प्राणिसंग्रहालयातली वाटते, तेव्हा त्या पाण्यावर आमचा विश्वास राहत नाही.

जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनियर नावाची वृद्धा अंदमानात वारली. अका-बो भाषा बोलणारी ती शेवटची व्यक्ती. भाषावैज्ञानिक अन्विता अब्बी यांनी तिचे बोलणे आणि गाणे ध्वनिमुद्रित करून ठेवले, म्हणून त्या भाषेचा आवाज आपल्याला ऐकता येतो. आईकडून लेकीकडे जाणारी गोष्ट वाटेत थांबली की काय होते, ते याहून स्पष्ट कोठे दिसणार? आमच्या विद्यार्थिनीच्या लेखातले ‘काय म्हणाला गं?’ हे वाक्य आम्हांला म्हणूनच हलके वाटत नाही. तेलुगू काही मरणार नाही, कोट्यवधी लोक ती बोलतात. पण संगमनेरातल्या त्या एका घरात ती आईपर्यंत आली आहे आणि लेकीच्या कानांपर्यंत पोचून जिभेवर यायची थांबली आहे, हे लेकीला स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून कळले नव्हते. ते कळायला अबर्डीन बाजार लागला. याला परीक्षक विषयांतर म्हणतात.

कोणी विचारेल, चार दिवसांच्या सहलीवर एवढा भार कशाला? चार दिवसांत काय कळते? आम्ही म्हणतो, नीट पाहिले तर एका संध्याकाळीही कळते. अंदमान आपल्या गावाहून साडेअठरा रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र एकच. त्यामुळे तेथे सूर्य संगमनेरहून सुमारे सव्वा तास आधी मावळतो. हिवाळ्यात पाचच्या सुमारास अंधारू लागते. जन्मभर दिवेलागणीच्या आधी हातातले काम पुरे करायची सवय असलेल्या बाईला चहाच्या वेळेलाच दिवेलागण होते, आणि करायला काम काही नसते. त्या मोकळ्या, अंधाऱ्या तीन-चार तासांत ती काय करते? लॉजच्या खोलीत दोघींचे काय बोलणे होते? हे कोणी लिहीत नाही. सगळे सूर्यास्ताचे छायाचित्र छापतात.

तेव्हा शिक्षकांकडे आमचे मागणे साधे आहे. ‘मी पाहिलेले ठिकाण’ हा निबंध देणे बंद करावे. ठिकाण पाहायला चित्रफिती आहेत. रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ शिकवताना मनोरमेचे वय फळ्यावर लिहावे. प्रवासवर्णनाच्या गुणांची जी कोष्टके आपण परीक्षेत वापरतो, स्थलवर्णन अमुक, ऐतिहासिक माहिती तमुक, त्यांत सोबतीचे माणूस किती दिसले याला एकही गुण नाही. तो घालावा, आणि इतरांतून काढून घालावा.

आमच्या वर्गाला यंदा आम्ही एकच अट घालणार आहोत. आईबरोबर कुठेही गेला असाल, रामेश्वर असो, अंदमान असो, नाहीतर प्रवरेच्या घाटावर असो, ‘नेणे’ हे क्रियापद न वापरता दोन पाने लिहून आणा. अपवाद एकच. आईला खरोखरच चालता येत नसेल आणि चाकाच्या खुर्चीवरून न्यावे लागले असेल, तर ‘नेले’ असेच लिहावे. मात्र खुर्ची कोणी ढकलली, वाळूत ती कुठे रुतली आणि तेव्हा आई काय बोलली, हेही लिहावे.